कासवाला काही लागत नाही, म्हणे

माशांच्या दुकानात ऐकू येणारी सगळ्यात महागडी थाप कोणती? 'कासवाला काही लागत नाही.' कुत्र्याला फिरवून आणावं लागतं, मांजरीला वाळू लागते, मासे पाणी बदलताना मरतात. कासव बिचारं एका जागी पडून असतं. वाडग्यात पाणी ओता, चिमूटभर दाणे टाका, झालं. पुण्यात, ठाण्यात, नाशकात, कुठल्याही शहरातल्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात जाऊन बघा. काउंटरच्या आसपास एक प्लास्टिकचा टब असतो. तळाला दोन बोटं पाणी, आणि त्यात एकमेकांच्या पाठीवर चढलेली, मोठ्या नाण्याहून थोडी मोठी अशी हिरवीगार पिल्लं. डोळ्यामागे लाल पट्टा. शेजारी विकायला गोल वाडगा, वाडग्यात प्लास्टिकचं नारळाचं झाड, आणि सुक्या जवळ्याची डबी. तिन्ही मिळून सात-आठशे रुपयांत काम होतं. पोरगं खूश.

आठ-दहा दिवसांनी घरातलं कुणीतरी मोबाइल हातात घेऊन शोधायला लागतं: 'कासवाचं पिल्लू खात नाही, काय करावं?'

हा प्रश्नच मुळात चुकीच्या दिशेनं सुरू होतो असं माझं मत आहे. त्यात असं गृहीत धरलेलं असतं की पिल्लाला काहीतरी झालंय. पिल्लाला बऱ्याचदा काहीही झालेलं नसतं, निदान सुरुवातीला तरी. झालेलं असतं ते वाडग्याला. 'खात नाही' हा आजार नाही. ज्याला ओरडता येत नाही, पळून जाता येत नाही, चावून निषेध करण्याइतकंही तोंड मोठं नाही, अशा प्राण्याची ती एकमेव तक्रार आहे. आणि ही तक्रार अपवाद म्हणून येत नाही. ज्या पद्धतीनं ही पिल्लं विकली जातात त्या पद्धतीचा तो ठरलेला शेवट आहे. म्हणून मी 'आधी माहिती घ्या, मगच पाळा' असा गोड सल्ला देणार नाहीये. ही पिल्लं विकणंच बंद व्हायला हवं, असं मी म्हणतेय.

आधी हा प्राणी कोण ते बघू. दुकानात त्याला 'लकी टर्टल' म्हणतात. खरं नाव रेड-इअर्ड स्लायडर, शास्त्रीय नाव ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स. मूळ घर अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. तिथं तो दिवसभर ओंडक्यावर चढून ऊन खातो, अंग तापलं की पाण्यात घसरतो, थंड झालं की परत वर. स्लायडर हे नाव त्या घसरण्यावरूनच पडलं. ही चैन नाही. कासवाला स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करता येत नाही, त्यामुळे पाण्याचं जे तापमान तेच जवळपास त्याचं तापमान. पाणी गार असलं की पचन मंदावतं, प्रतिकारशक्ती मंदावते, भूक जाते. पिल्लासाठी पाणी साधारण २६ ते २८ अंश सेल्सिअस हवं आणि ऊन खायची कोरडी जागा ३२-३३ अंशांच्या आसपास. शिवाय अंगावर यूव्हीबी किरण पडावे लागतात. त्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसेल तर अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग पाठ दगडासारखी होण्याऐवजी ओल्या पुठ्ठ्यासारखी मऊ होत जाते. खिडकीच्या काचेतून आत येणारं ऊन इथं उपयोगाचं नाही, कारण साधी काच यूव्हीबीचा बहुतेक भाग अडवते. आणि 'मग वाडगाच बाल्कनीत उन्हात ठेवू' हा उपाय त्याहून भयंकर. एवढंसं पाणी उन्हात बघता बघता तापतं, आणि पिल्लाला सावलीत जायला जागा नसते.

म्हणजे 'काही लागत नाही' या प्राण्याला काय काय लागतं? मोठी टाकी, हीटर, फिल्टर, चढून बसायला कोरडा ओटा, त्यावर उष्णतेचा दिवा, वेगळा यूव्हीबी दिवा, आणि तो दिवा प्रकाश देत असला तरी सहा महिने ते वर्षभरात बदलणं, कारण प्रकाश शिल्लक असतो पण किरण संपलेले असतात. गोल वाडग्यात यातलं एकही बसत नाही. नारळाचं झाड तेवढं बसतं.

हे मला कसं ठाऊक? गेल्या जानेवारीत माझ्या ताईचा फोन आला म्हणून. ती चिंचवडला राहते. भाच्याच्या सातव्या वाढदिवसाला त्याच्या काकांनी कासव दिलं होतं. भाच्यानं त्याचं नाव ठेवलं 'बुलेट'. (ट्रेन नाही, मोटरसायकल. विचारून झालंय.) ताई म्हणाली, ''अगं, हा नऊ दिवस झाले काही खातच नाहीये. डोळे पण उघडत नाहीये. तू इंजिनिअर आहेस ना, जरा बघ ना नेटवर.'' आमच्या घरात इंजिनिअर असण्याचा अर्थ प्रिंटर, गिझर, आधार लिंकिंग आणि आता कासव असा आहे.

तर मी गेले. जाताना सोबत काय नेलं, तर स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणि सोन्या-चांदीचं वजन करायचा तो छोटा डिजिटल काटा. पाणी १९ अंश होतं. पिल्लाचं वजन १३ ग्रॅम. पापण्या सुजून बंद. पाठ कडेला अंगठ्यानं हलकेच दाबली तर किंचित दबत होती. वाडग्यात सुका जवळा फुगून तरंगत होता, पाण्याला वास येत होता. ताईनं दुकानदाराला आधीच फोन केला होता. त्याचं उत्तर होतं, ''आमच्याकडे तर खात होतं.''

माझ्या धंद्यात हे वाक्य रोज ऐकू येतं. एखादा प्रोग्रॅम ग्राहकाकडे कोसळतो आणि लिहिणारा म्हणतो, माझ्या मशीनवर तर चालतोय. ते खरंही असतं. फरक प्रोग्रॅममध्ये नसतो, भोवतालात असतो. फक्त आमच्याकडे असं म्हणणाऱ्याला त्या दिवशी घरी जाता येत नाही, आधी ते निस्तरावं लागतं. दुकानदाराला मात्र या वाक्यानंतर काहीच करावं लागत नाही. तशीही ही पिल्लं दुकानात फार दिवस नसतात. अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू पहिले काही दिवस पोटातल्या उरलेल्या बलकावर काढतं. त्यानंतरही कासवाचं शरीर इतकं सावकाश चालतं की आज सुरू झालेली उपासमार डोळ्यांना दिसायला आठवडे लागू शकतात. दुकानात बिघडलेलं घरी जाऊन दिसतं. धंद्यासाठी यापेक्षा सोयीचा माल कुठला? वॉरंटी संपल्यावरच बंद पडणारा.

आता नेटवर काय मिळतं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर कदाचित आत्ता, या क्षणी, तेच शोधत असेल. लसणाचं पाणी लावा. मधाचं बोट चाटवा. लेट्यूसचं पान टाका. तोंड उघडून कोंबा. रात्रभर कोरड्यात ठेवा. यातलं शेवटचं ऐकून मी हात जोडले. स्लायडर पाण्यातच गिळू शकतो, कोरड्यात घास तोंडात धरून बसेल पण खाली उतरणार नाही. लेट्यूस म्हणजे बहुतांशी पाणी, आणि या वयातली पिल्लं मुख्यतः किडे-अळ्या खाणारी असतात, पाल्याकडे वळतात ती मोठी झाल्यावर. तोंड उघडून कोंबणं म्हणजे तेरा ग्रॅमच्या जिवाचा जबडा मोडायची तयारी. आणि मुळात गार पाण्यात बसलेल्या पिल्लाच्या पोटात अन्न ढकललंच, तर ते पचणार कशानं? आधी ऊब, मग भूक, मग अन्न. हा क्रम उलटा चालत नाही.

जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर फार चांगले निघाले. ते म्हणाले, ''मी कुत्री-मांजरी बघतो. कासवाचं मला येत नाही, आणि अंदाजानं इंजेक्शन देणार नाही.'' या एका वाक्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. कारण अंदाज इथं मारतो. आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध जनावरांना, कुत्र्यांना सर्रास दिलं जातं. तेच औषध कासवांना विषारी ठरतं. सुजलेल्या डोळ्यांमागे बऱ्याचदा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते, पण त्याचं इंजेक्शन जास्त झालं तर कातडी सोलपटून निघते. आपल्याकडच्या पशुवैद्यकीय शिक्षणाचा भर गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्यांवर आहे, आणि या देशात तो तसाच असायला हवा. पण म्हणजे गल्लोगल्ली मिळणाऱ्या या प्राण्याचा डॉक्टर अख्ख्या शहरात शोधावा लागतो. आम्हाला सापडला तो २२ किलोमीटरवर. जिथं मोठं शहरच नाही तिथल्या लोकांनी काय करायचं? दुकान तर तिथंही असतं.

त्या डॉक्टरबाईंनी आधी काहीही टोचलं नाही. पाणी दोन दिवसांत हळूहळू २७ अंशांवर आणायचं, एकदम नाही. कोरडा ओटा आणि दोन्ही दिवे, दिवसाचे १२ तास. डोळे सलाइननं दिवसातून दोनदा पुसायचे. रोज एकाच वेळी वजन, वहीत लिहून. नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल किंवा एका बाजूला कलून तरंगत असेल तर तो फुप्फुसाचा संसर्ग, मग थांबायचं नाही, लगेच यायचं. आमच्याकडे तसं नव्हतं, म्हणून थोडा अवकाश होता. ऊब मिळाल्यावर जीवनसत्त्वाची मोजून मात्रा त्यांनी स्वतः दिली. आणि एक गोष्ट त्यांनी भाच्याकडे बघून सांगितली: हात लावला की साबणानं धुवायचे, कासवाचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतायचं नाही, पापी घ्यायची नाही. भाचा लाजला, म्हणजे घेऊन झाली होती.

तो साल्मोनेलाचा विषय. या जंतूनं कासव आजारी दिसेलच असं नाही, ठणठणीत कासवही तो विष्ठेतून टाकत असतं. लहान मुलांना मात्र ताप, जुलाब, प्रसंगी रुग्णालय. अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांहून कमी पाठीची कासवं पाळीव प्राणी म्हणून विकायला देशभर बंदी घातली ती याच कारणानं. चार इंच का? कारण त्याहून लहान कासव पोरांच्या तोंडात मावतं. लक्षात घ्या, बंदी कासवाच्या कळवळ्यानं आलेली नव्हती, पोरांच्या जुलाबांमुळे आलेली होती. पण बंदीत निर्यातीला मोकळीक होती. लुइझियानातल्या कासवांच्या फार्मांनी मग जगभर माल पाठवला. स्वतःच्या पोरांसाठी जो माल धोक्याचा, तो दुसऱ्यांच्या पोरांसाठी चालतो, हे व्यापाराचं जुनंच गणित. युरोपीय संघानं १९९७ मध्ये या प्रजातीची आयात थांबवली. जपाननं जून २०२३ पासून विक्री आणि मोकळं सोडणं दोन्ही बेकायदा केलं, मात्र ज्यांच्या घरी आधीपासून आहे त्यांना पाळायची मुभा ठेवली. मला हा जपानी तोडगा शहाणपणाचा वाटतो. घरात असलेल्या कासवाच्या मालकाला गुन्हेगार ठरवलं की तो पहिल्याच रात्री ते तळ्यात सोडून येईल.

आपल्याकडे काय आहे? इथं एक विचित्र पोकळी आहे. आपली देशी कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. तारा कासव घरात ठेवलं तर तुरुंगात जाल, आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ पासून साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात टाकून बंद केलाय. हे उत्तमच आहे. पण स्लायडर देशी नाही, म्हणून हे संरक्षण त्याला नाही. परका आहे म्हणून विकायला मोकळा. २०१८ चे पेट शॉप नियम आहेत, दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तुमच्या गल्लीतल्या दुकानात ते प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं दिसलं तर मला फोटो पाठवा, मी खरंच आनंदानं बघेन. २०२२ च्या दुरुस्तीनं, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, केंद्र सरकारला आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणं यांवर अधिसूचना काढून नियंत्रण आणायचा किंवा बंदी घालायचा अधिकार दिलाय. आययूसीएनच्या जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत हे आपलं 'लकी टर्टल' आहे. म्हणजे अधिकार आहे, यादीही आहे. काढा अधिसूचना.

आता वाद घालणाऱ्यांकडे वळते, कारण हे सगळं मी ऑफिसमध्ये जेवताना बोलले तेव्हा चार जणांनी चार तोंडांनी समजावलं.

पहिला म्हणाला, साडेतीनशे रुपयांच्या कासवावर दहा हजार घालवले? ताईचा हिशेब खरंच तिथवर गेला, टाकी-हीटर-फिल्टर-दिवे-डॉक्टर-रिक्षा धरून. पण हा आक्षेप कुणाविरुद्ध आहे? दहा हजार हीच त्या प्राण्याची खरी किंमत आहे. साडेतीनशे ही फसवणूक आहे. दुकानदारानं खरी किंमत सांगितली असती तर काकांनी क्रिकेटची बॅट आणली असती, आणि सगळ्यांचंच भलं झालं असतं, मिसिसिपीच्या त्या कासवाचं तर सर्वांत जास्त. साडेतीनशे रुपयांना विकता येतं याचं कारणच हे की उरलेला खर्च कुणी करणार नाही आणि पिल्लू मरेल, हे सगळी साखळी धरून चालते. मेलं की पोरगं रडतं, पोरगं रडलं की दुसरं आणतात. 'कासवं अशीच असतात हो, नाजूक.' जो प्राणी नीट ठेवला तर वीस-तीस वर्षं जगतो त्याला आपण नाजूक म्हणतो.

दुसरं तोंड: मुलांना जबाबदारी कळते. सात वर्षांच्या पोराला पाण्याचं तापमान राखता येत नाही, वजनाचा आलेख काढता येत नाही, दिवा बदलायला येत नाही, त्याच्या आईला येतं. या घरातली जबाबदारी ताईला कळली, आणि ती तिला आधीपासून पुरेशी कळलेली होती. पोराला काय कळतं, तर जिवंत वस्तू आणून दिली जाते आणि काही दिवसांनी हलायची थांबते. मला नाही वाटत हा धडा पैसे देऊन विकत आणावा.

तिसऱ्यानं वास्तू काढली. घरात उत्तरेला कासव ठेवलं की भरभराट होते. मग पितळेचं ठेवा ना. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतंच, शतकानुशतकं न खाता टिकलंय. यावरून एक गोष्ट आठवली. कासवी आपल्या पिल्लांना नुसत्या नजरेनं वाढवते, ही कल्पना आपल्या संतकाव्यात जागोजागी येते. दूध नाही, घास नाही, पैलतीरावरून आई बघते आणि पिल्लं वाढतात. देवाच्या कृपादृष्टीसाठी यापेक्षा सुंदर उपमा सापडणार नाही, आणि मला ती मनापासून आवडते. पण निसर्गात कासवी अंडी घालते, वाळू किंवा माती लोटते आणि निघून जाते. पिल्लांना ती कधी बघतही नाही. उपमा भक्तीसाठी होती, आपण ती पाळायची पद्धत करून टाकली. वाडगा टीव्हीशेजारी ठेवायचा, येता-जाता बघायचं, आणि वाढेल म्हणायचं.

चौथा सगळ्यात दयाळू आणि सगळ्यात धोकादायक. ''अगं, मग सोडून दे ना पवनेत. निसर्गात राहील बिचारं.'' हा निसर्ग त्याचा नाही. आजारी पिल्लू सोडलं तर ते मरेल. धडधाकट सोडलं तर आणखी वाईट, ते जगेल. स्लायडर जे मिळेल ते खातो आणि ऊन खायच्या जागा बळकावतो. युरोपातल्या तळ्यांत त्यानं स्थानिक कासवांना त्या जागांवरून हुसकावल्याचं अभ्यासकांनी नोंदवलंय. आपल्या नद्यांत आधीच वाळूउपसा, सांडपाणी आणि शिकारीतून उरलेली देशी कासवं आहेत. लीथचं मऊ पाठीचं कासव आययूसीएनच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे, आणि ते आपल्या दख्खनच्या नद्यांचं कासव आहे. त्याच्या पुढ्यात पुण्याच्या प्राणिप्रेमींनी अमेरिकेतला पाहुणा आणून सोडायचा? गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात स्लायडर सापडलाय. केरळात त्रिशूरजवळच्या कालव्यात सापडल्यावर तिथल्या वनसंशोधन संस्थेला लोकांना आवाहन करावं लागलं की सोडू नका, आमच्याकडे आणून द्या. प्रत्येक ठिकाणी ते सोडणारा माणूस वाईट नव्हता. हात जोडून, कदाचित एखादं फूल वाहून, चांगल्या मनानं सोडून गेलेला होता.

आणि हो, वेळास. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये माझे निम्मे सहकारी कोकणात कासव महोत्सवाला जातात. पहाटे उठून, दोरीच्या मागे उभं राहून, ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे सरकताना बघतात, डोळ्यांत पाणी आणतात, रील टाकतात. गावातल्या लोकांनी आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं जी अंडी एके काळी चोरीला जायची ती राखायला सुरुवात केली, त्यातून हे उभं राहिलं. मला त्या कामाबद्दल नितांत आदर आहे. पण त्याच रीलखाली 'कुठे मिळेल, मला पण पाहिजे' अशा कमेंट असतात. पिल्लू सुंदर दिसलं की पुढचा विचार 'माझ्या टेबलावर' हाच येतो, ही आपली अडचण आहे. त्या दोरीचा अर्थ इतकाच आहे की इथून बघा. तीच दोरी दुकानात लावा म्हणतेय मी.

बुलेट चौदाव्या दिवशी जेवला, मी तिथं गेल्यापासून मोजले तर. डोळे त्याआधी चार दिवस उघडले होते. डॉक्टरबाईंनी हलणारं काहीतरी देऊन बघा म्हटलं होतं, कारण पिल्लाची भूक नजरेला हलतं काहीतरी दिसलं की जागी होते. ताईच्या कढीपत्त्याच्या कुंडीत, जिथं कधी फवारणी केलेली नाही, गांडूळ सापडलं. ताई शाकाहारी आहे. तिनं ते गांडूळ पेपरवर घेतलं, डोळे मिटून कात्रीनं तुकडा केला, आणि मला म्हणाली, ''हे तुझ्या भाऊजींच्या भावाला व्हिडिओ करून पाठव.'' त्या दिवशी वजन ११.८ ग्रॅम होतं. दोन आठवड्यांनी परत १३ वर आलं, पुढे चढत गेलं. कंपनीत मी यापेक्षा कितीतरी मोठे आलेख वर जाताना पाहिलेत, एकाहीसाठी मी रात्री साडेअकराला ताईला फोन केलेला नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, जगलं की. म्हणजे पाळता येतं. हो, येतं. त्याला दोन मोठी माणसं, एक अवघड डॉक्टर, दहा हजार रुपये आणि महिनाभर रोजचा दीड तास लागला. टबातल्या इतर पिल्लांच्या वाट्याला हे आलं असेल का, तुम्हीच सांगा. मी त्या दुकानात नंतर गेले होते. भांडायला नाही, विचारायला. टब होता, नवी पिल्लं होती, पाणी तेवढंच होतं. हीटर का नाही विचारलं तर म्हणाला, ''मॅडम, कासवाला काही लागत नाही.'' त्याच्यावर माझा राग आहे, पण सगळा नाही. त्याला कुणी सांगितलेलं नाही आणि कुणी विचारतही नाही. तो विकतो ते कायद्यानं विकता येतं. त्याच्या जागी उद्या दुसरा प्रेमळ, अभ्यासू दुकानदार आला तरी साडेतीनशे रुपयांत तो दुसरं काही देऊ शकणार नाही. म्हणूनच हा प्रश्न जागृतीनं सुटणार नाही. पोस्टर लावून, शाळेत व्याख्यान देऊन, दुकानदाराला समजावून तापमान वाढत नाही.

ज्यांच्या घरात आत्ता न खाणारं पिल्लू आहे त्यांनी हा लेख इथं थांबवून आधी पाण्यात थर्मामीटर बुडवावा. मग वजन करा. मग सरीसृपांचा डॉक्टर शोधा, शहरात नसेल तर फोनवर तरी. वनविभाग किंवा प्राणी बचाव संस्थेला विचारा, पण नदीवर जाऊ नका.

बुलेटची पाठ आता साडेसहा सेंटिमीटर आहे. डॉक्टरबाई म्हणतात मादी असावी, पण नक्की कळायला अजून वेळ लागेल. मादी असेल तर पाठ पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि मग चार फुटांची टाकीही अपुरी. ताईचा फ्लॅट वन बीएचके आहे. टाकी सध्या भाच्याच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे आणि भाचा जमिनीवर बसून अभ्यास करतो. तो बारावीला असेल तेव्हा बुलेट प्रौढ झालेली असेल. तो शिकायला बाहेरगावी गेला की ती कुणाकडे राहणार, यावर परवा जेवताना चर्चा झाली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.